पाठीवर हात येईपर्यंत

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने अंधारात हात पुढे केला, हवा चाचपली आणि विचारलं, "बाई, आहात ना?"

छोटी होती. खुर्चीपासून दीड हातावर, दोन बोटांत काळ्या कडेची काच धरून, भिंतीला पाठ टेकून उभी होती. चष्म्याच्या दुकानामागची ही अरुंद लांबट खोली. एका टोकाला उजेडातला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची आणि मधे दिवसाढवळ्या केलेला अंधार. सव्वीस वर्षं ती या अंधारात लोकांच्या नाकावर जड गोल चौकट चढवत आणि तिच्यात काचा सरकवत आली होती. आता पहिलं बरं की दुसरं? पुन्हा दाखवते, पहिलं की दुसरं? दिवसभराचं बोलणं एवढंच. नवरा म्हणायचा, ही भाजी घेतानासुद्धा हेच विचारते. तर आज, डाव्या डोळ्याचा नंबर अर्ध्यावर येऊन अडलेला असताना ती मधेच बोलायची थांबली. का थांबली ते तिलाही सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली, मग विचारलं, आणि त्याचे ते तीन शब्द तिला स्वच्छ ऐकू आले. ती कसल्या तंद्रीत वगैरे नव्हती. तिने ऐकलं आणि ती गप्प राहिली. एक, दोन, तीन, चार. चौकटीमागे डोळे मोठे करून म्हातारा तिच्या बाजूच्या काळोखाकडे बघत होता आणि त्याचा हात हवेत तसाच होता. मग तिचं तोंड आपोआप उघडलं. "आहे, आहे. काच पुसत होते." म्हातारा हसला. "मला वाटलं, सोडून गेलात." त्यानंतर तिने लाल कडेची काच काळ्या काचांच्या खणात ठेवली, असली चूक तिच्या हातून नोकरीच्या पहिल्या महिन्यानंतर झाली नव्हती. पुन्हा तेच केलं मी, तिला वाटलं. कारण नसताना पुन्हा तेच केलं.

त्याला सकाळचा ताईचा फोन जबाबदार होता, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. "अगं, नावं दिली आपली. तुझं नि माझं. तीच दरी, तोच वाटाड्या, तेच तंबू. पावसाळ्याचा मधला आठवडा, म्हणजे फुलं अगदी भरात." ताईचा आवाज असा, की शेजारच्या इमारतीतल्या माणसानेही सामान बांधायला घ्यावं. "मागच्यासारखंच. तू पुढे, मी मागे." सुट्टीचं बघते, असं छोटी म्हणाली. "बघतेस काय? संध्याकाळपर्यंत सांग. उद्या सकाळी त्यांना पक्कं कळवायचंय." तू पुढे, मी मागे. ताईने ते इतक्या सहज म्हटलं, की फोन ठेवल्यावर छोटीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं लागलं. ज्या बाईला त्या दरीत साडेपाच तास पावसात बसावं लागलं, जिचं उजवं मनगट तिथे मोडून वाकडं जुळलं, ती हौसेने तिथेच निघाली होती, आणि तिथे जिने तिला पोचवलं तिलाच पुन्हा पुढे चालायला सांगत होती.

बावन्न वर्षांच्या, केस पिकलेल्या, मुलगा परगावी नोकरीला लागलेल्या बाईला छोटी म्हणणं हे खरं तर हास्यास्पद आहे. पण ते नाव ताईने ठेवलेलं, आणि ताईने एकदा ठेवलेली गोष्ट हलत नसे. ताई आठ वर्षांनी मोठी. लहानपणी त्यांचं न्हाणीघर अंगणाच्या टोकाला होतं आणि तिथे दिवा नव्हता. तिन्हीसांजेला छोटीला जायचं असलं की ताई पुस्तक घेऊन दाराबाहेर उभी राहायची. "ताई, आहेस?" "आहे." "आहेस ना?" "आहे गं." एका फेरीत वीसदा, तीसदा. पुस्तकातली ओळ तुटायची, पण ओ चुकायची नाही. एकदा ताप अंगात असताना ती दाराला डोकं टेकून उभी होती आणि आतून छोटीने मुद्दाम, गंमत म्हणून, पंधरा-वीस वेळा हाक मारली होती. ताईने प्रत्येक हाकेला ओ दिली होती. हे सगळं छोटी चाळीस-पंचेचाळीस वर्षं विसरून गेली होती. दरीतून परत आल्यावर ते आठवायला लागलं. आठवणींना लाजलज्जा नसते. ज्या वेळी यायला पाहिजे त्या वेळी येत नाहीत, आणि मग बोलावलं नसताना ठाण मांडून बसतात.

ताईने लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती ओघानेच ताईकडे आली, कारण ताई घरीच असायची. घरी बसून ती रफूचं काम करायची. धुलाईवाले तिच्याकडे कोट पाठवायचे, कसर लागलेल्या शाली, सिगारेटने जळलेल्या पँटी. शिवणीच्या आतून त्याच कापडाचा धागा काढायचा आणि भोकावर उभा-आडवा असा विणायचा, की मालकालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. अकरा वर्षं तिने आईचं केलं आणि रफू केला. छोटी रविवारी यायची, फळं आणायची, तासभर आईचे पाय चेपायची, आणि घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेत घड्याळाकडे बघायची. आई गेल्यावर ताई रिकाम्या खोलीत बसून राहायला लागली, तेव्हा छोटीने चार दिवसांच्या त्या सहलीत दोघींची नावं घातली. दूरची, वस्ती नसलेली दरी, पावसाळ्यात तिथे फुलं येतात, वाटाड्या बरोबर असतो, रात्री तंबू. नवऱ्याला ती म्हणाली, "बिचारीने आयुष्यात काही पाहिलं नाही." ते खरं होतं. पण बहिणीला चार दिवस फुलं दाखवली की अकरा वर्षांचं आपल्या मनातलं काहीतरी निवेल, हेही खरं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवसापासून ताई घाबरली. धुकं इतकं, की पुढच्या माणसाची पिवळी पाठपिशवी दहा पावलांवर विरून जायची. पायाखाली काळी निसरडी माती, बाजूला गुडघाभर ओलं गवत, आणि त्या गवतात जिथे बघावं तिथे निळी, जांभळी, पिवळी फुलं, लाखांनी. तंबूत झोपायच्या पिशव्यांना ओल आली होती, मोजे वाळत नव्हते, चहाला रॉकेलचा वास होता. आणि ताई मागून हाक मारायची, "आहेस ना गं?" छोटी म्हणायची, "आहे." पाच मिनिटांनी पुन्हा. पहिल्या दिवशी छोटीला मजा वाटली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने सहन केलं, आणि संध्याकाळी, तंबूत, ताई शेजारी घोरत असताना तिला जाणवलं की आपण दिवसभरात एकही फूल पाहिलं नाही. फूल दिसलं की त्याच क्षणी हाक यायची. ओ द्यायची म्हणजे मान थोडी मागे वळवायची, श्वास घ्यायचा, आवाज चढवायचा. तेवढ्यात फूल मागे पडायचं. तिला तेव्हा वाटलं होतं, ताईपासून माझी सुटका नाही. नंतर त्या वाटण्याची लाज वाटली, मग लाजेचा राग आला, आणि त्या रागावरच तिला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या एका बाईचा पाय मुरगळला. वाटाड्याचा जोडीदार, जो रोज सगळ्यांच्या मागे चालायचा, तो तिला घेऊन परत फिरला. वाटाड्याने उरलेल्या सातजणांना उभं केलं. हडकुळा, मितभाषी माणूस, वय चाळिशीचं. बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. "आज मागे आपला माणूस नाही," तो म्हणाला. "वाटेला चार फाटे आहेत. फाटा आला की पुढच्याने थांबायचं. मागचा येऊन पाठीवर हात ठेवेल. पाठीवर हात येईपर्यंत हलायचं नाही. मागचा आला की पुढचा निघेल, मग मागचा उभा राहील. हात आल्याशिवाय कुणी हलला तर त्याच्या मागचे सगळे चुकले म्हणून समजा. धुक्यात डोळ्यांवर जाऊ नका." मग ताईकडे वळून म्हणाला, "तुम्ही माझ्या मागोमाग चाला, बाई. शेवटी नको." ताई म्हणाली, "छे हो. मी हळू चालते, सगळ्यांचा खोळंबा होईल. माझ्या पुढे माझी बहीण आहे. मला काही काळजी नाही."

पहिल्या दोन फाट्यांवर छोटी उभी राहिली. ताई धापा टाकत आली, तिने पाठीवर थाप मारल्यासारखा हात ठेवला, आणि दोन्ही वेळा म्हणाली, "आहेस. बरं वाटलं." तिसरा फाटा एका उभ्या चिरलेल्या खडकापाशी होता. उजवीकडची वाट डोंगराच्या धारेवरून मुक्कामाकडे जात होती. डावीकडची उताराने खाली ओढ्याकडे, आणि पुढे नुसती गवतात मुरत होती. तिच्या पुढे चालणारा, बँकेत नोकरीला असलेला गटातला माणूस निघून गेला आणि छोटी खडकाशी उभी राहिली. टोपीवर पावसाचा ताशा. खालून हाक आली, "आहेस ना गं?" छोटीने तोंड उघडलं आणि मिटलं. काही ठरवून केलं का? हा प्रश्न तिने स्वतःला वर्षभर विचारला होता. काच बदलून पुन्हा, काच बदलून पुन्हा. पहिलं बरं की दुसरं? ठरवलं नव्हतं. पण ठरवलं नव्हतं असंही म्हणवत नव्हतं. दुसरी हाक आली, आणखी जवळून, थोडी चढी. त्या वेळी छोटीला एवढंच हवं होतं की दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं, आपण कुणाच्या हाकेला बांधलेलं नसावं. पुढच्या वळणावर थांबू, तिला वाटलं, तिथून ओ देऊ, ताई येईलच. वाट काय एवढी चुकण्यासारखी आहे? आणि ती उजवीकडे निघाली. तिसरी हाक पाठीवर आली. वळणापलीकडे पोचली तेव्हा चौथी. ती शेवटची. चौथ्या हाकेत ताईचा आवाज फाटला होता, आणि छोटीचा पाय तिथे एकदा अडखळला होता, हे तिच्या पायाला अजून आठवत होतं.

त्यानंतर सगळं शांत झालं. या गोष्टीतली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ती दहा मिनिटं त्या सबंध सहलीत सगळ्यात सुंदर होती. धुकं जरा उचललं. धारेच्या दोन्ही अंगांना फुलांचे पट्टे उतरत गेले होते, आणि वाटेच्या कडेला ओल्या कातळावर वाटाड्याने आदल्या दिवशी दाखवलेलं ते लालसर रोप होतं, चिकट थेंबांनी किडे धरणारं; एका पानात एक बारीक माशी अडकली होती आणि अजून पाय हलवत होती. छोटी उकिडवी बसून ते बघत राहिली. पहिल्यांदाच तिने काहीतरी शेवटपर्यंत बघितलं. कुणी हाक मारत नव्हतं. तिला सुख झालं, खरंखुरं, अंगभर. मग तिला वाटलं की ताई यायला हवी होती. ती उठून उभी राहिली, थोडी थांबली, आणि परत जाण्याऐवजी पुढे मुक्कामाकडे गेली. तो आता हाकेवर होता आणि तिथून लोकांचे आवाज येत होते.

"मागच्या बाई?" वाटाड्याने विचारलं. "येतायत." "फाट्यावर पाठीवर हात आला ना त्यांचा?" वाटाड्यासकट सहा माणसं चहाचे पेले धरून तिच्याकडे बघत होती. "हो," छोटी म्हणाली. त्या वेळी ते खोटं नखाएवढं होतं. ताई पाच मिनिटांत येणार, मग कोण विचारतंय? शाळेतल्या मुलीने गृहपाठ केलाय म्हणून सांगावं, तेवढंच. "नक्की?" त्याने तिच्या बुटांकडे बघत विचारलं. "नक्की." पाऊण तासाने तेच खोटं डोंगराएवढं झालं होतं आणि आता ते गिळताही येत नव्हतं, ओकताही येत नव्हतं. कारण हात आला असेल तर ताईने उजवी वाट धरलेली, म्हणजे ती फाटा आणि मुक्काम यांच्या मधेच कुठेतरी घसरलेली. वाटाड्या दोर घेऊन धारेच्या दोन्ही उतारांवर उतरला. तीन तास तो आणि बँकवाला चुकीच्या जागी शोधत होते. छोटी तंबूच्या तोंडाशी बसून होती. दर दहा मिनिटांनी तिला वाटे, आता उठावं आणि सांगावं, फाट्याच्या डावीकडे बघा. आणि दर दहा मिनिटांनी सांगणं आणखी अवघड होत होतं, कारण मागची दहा मिनिटं त्यात मिळवावी लागत होती. शेवटी वाटाड्या स्वतःच्याच बुद्धीने डावीकडे उतरला. अंधार पडायच्या आत तो ताईला पाठीवर घेऊन आला. ती ओढ्याकाठच्या एका कपारीत सापडली होती, ओठ निळे, उजवा हात पोटाशी धरलेला.

कुणी काही विचारायच्या आत ताईच बोलली. दात वाजत होते, तरी बोलली. "माझीच चूक. फुलं बघायला खाली उतरले आणि वाट हरवली." वाटाड्याने तिच्या अंगाभोवती झोपायची पिशवी गुंडाळली आणि तिला विचारलं, "फाट्यावर बहिणीच्या पाठीवर हात ठेवला होता तुम्ही?" ताईने त्याच्याकडे पाहिलं. छोटीकडे मात्र तिने पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली. "ठेवला की." छोटीने आधी काय सांगितलंय हे तिला कुणी कळवलं नव्हतं. वाटाड्या उठला आणि पुन्हा त्याने त्या दोघींपैकी कुणाशी कामापलीकडे शब्द काढला नाही. त्याला कळलं होतं की काय, हे छोटीला आजवर समजलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं तिला प्रत्येक गप्प माणसाला ते कळलंय असं वाटायचं.

म्हणजे आपण फाट्यावर नव्हतो हे ताईला माहीत आहे, आणि तिने ते पांघरूण घालून झाकलं. यावर दोघी वर्षभरात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ताईचं मनगट वाकडं जुळलं. रफूची सुई त्या हातात ठरेना. धुलाईवाल्यांचे कोट यायचे थांबले. "बरं झालं," ताई म्हणाली, "तीस वर्षं लोकांची भोकं बुजवली, पुरे." आणि खरोखरच ती बदलली. केस आखूड कापले. एकटी बसने दोन गावं फिरून आली. आणि जो भेटेल त्याला ती दरीची गोष्ट सांगायची, दर वेळी थोडी अधिक रंगवून. दोन वाटा होत्या, मला आतून कळत होतं की उजवी आपली, पण डावीकडे जो निळा उतार पसरला होता ना, म्हटलं मरू दे, साठ वर्षांत एकदा तरी मनाची वाट धरू. लोक हसायचे, कौतुक करायचे. कुणी विचारलंच की हाक का नाही मारली, तर ताई हात हलवून म्हणायची, "अहो धुकं ते. ओल्या कापसात हाक मारल्यासारखं. दोन पावलांवर आवाज पोचत नाही." हे वाक्य आलं की छोटी उठून पाणी प्यायला जायची. कारण आवाज पोचत होता. ताईला माहीत होतं ते अर्धंच, आणि उरलेलं अर्धं या जगात फक्त छोटीला माहीत होतं.

नवऱ्याला तिने एकदा सांगितलं होतं, सगळं. तो बराच वेळ चपलेचा अंगठा सारखा करत बसला. मग म्हणाला, "झाकली मूठ राहू दे. ती आनंदात आहे. तू आता सांगणार, ते तिच्यासाठी की तुझ्यासाठी?" हा प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नाचा असतो तसा तिला त्याचा रागही आला. वर्षभर तिने तो ढालीसारखा वापरला. पण आज खोलीतल्या अंधारात त्या म्हाताऱ्याचा हात हवेत राहिला तेव्हा तिला कळलं होतं की दरीतलं ते एकदाच घडलेलं, धुक्याचं, थकव्याचं असं काही नव्हतं. ते तिच्यात होतं. तीच दरी, तोच फाटा, पुन्हा मागून हाक येणार. आणि आपण ओ देऊच, अशी खात्री तिला स्वतःबद्दल देता येईना. तिने मालकाला डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि चार वाजताच निघाली. रस्त्यात कुणीतरी कुणाला मोठ्याने हाक मारली तर ती थांबली, वळली, आणि अनोळखी माणसाला "ओ" म्हणून मोकळी झाली. तो माणूस तिच्याकडे बघत राहिला.

ताईच्या खोलीत पलंगावर सामान मांडलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्या, नवे मोजे, टॉर्च. ती डाव्या हाताने रेनकोटाच्या बाहीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होती, घड्या चिकटू नयेत म्हणून. "आलीस? आता हे बघ, या खेपेला मोजे सहा जोड घ्यायचे. मागच्या वेळी आपण मूर्ख होतो."

"ताई, बस जरा."

"बोल की. हात चाललाय, कान मोकळे आहेत."

छोटी पलंगाच्या कडेवर टेकली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता सापडेना. "फाट्यावर मी थांबले नाही," ती म्हणाली.

"माहितेय मला." ताईने दुसरी बाही घेतली. "वर्ष झालं त्याला. होतं माणसाकडून. तू पुढे गेलीस, धुकं होतं, तुला वाटलं मी आलेच. सोड ते."

"तसं नाही झालं."

"मग कसं झालं?"

"आवाज पोचत होता, ताई. मला ऐकू येत होतं."

ताईचा हात थांबला. खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली. "काय ऐकू येत होतं?"

"तुझ्या हाका. मी फाट्यावर उभी होते तेव्हा दोन. निघाले तेव्हा एक. आणि वळणापलीकडे एक. मी ऐकल्या आणि ओ दिली नाही." आपला आवाज इतका सपाट कसा, असं तिला वाटलं. "दोन दिवस तू सारखी हाक मारत होतीस. मला दहा मिनिटं तुझी हाक नको होती. एवढंच. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात."

ताई खुर्चीत बसली. बाहीतून एक बोळा खाली पडला, तो तिने उचलला नाही. ती आता ओरडेल किंवा रडेल किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, पुन्हा सोड ते म्हणेल, अशी छोटी वाट बघत होती. पण ताई कपाळाला आठ्या घालून बसली होती. मापात चूक सापडली की कापड पुन्हा उलगडून बघावं, तशी.

"वळणापलीकडची शेवटची," ती म्हणाली. "ती मी खडकाला हात लावून मारली. तू किती लांब होतीस?"

"तीस पावलं. चाळीस असतील."

"उजवीकडे."

"उजवीकडे."

"हं." ताईने वाकडं मनगट डाव्या हातात धरलं. "मी तिथे उभी राहिले छोटी. बराच वेळ. फुलंबिलं काही दिसत नव्हती मला, नाकापुढचं दिसत नव्हतं. मी उजवीकडे तोंड करून हाक मारली आणि कान दिले. म्हटलं, ती उजवीकडे असती तर तिने ओ दिली असती. ओ नाही आली. म्हणजे ती तिकडे नाही." तिने मनगट सोडलं. "म्हणून मी डावीकडे गेले."

वर्षभर तिने त्या फाट्यावर स्वतःला उभं करून सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं, पण ही बाजू तिला कधी दिसली नव्हती. तिला वाटत होतं तिने ताईला सोडलं. तिने ताईला वाट दाखवली होती, चुकीची. ताईने तिच्यावर पन्नास वर्षं ठेवला तसाच विश्वास ठेवून तिची न आलेली ओ ऐकली होती आणि त्याप्रमाणे चालली होती.

"आवाज पोचत नाही, हे मी कपारीत बसून शोधून काढलं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. छोटीला तो आवाज ओळखीचाच वाटेना. "साडेपाच तास होते. काहीतरी शोधायलाच हवं होतं."

खोलीतला उजेड कमी झाला तरी कुणी दिवा लावला नाही. मग ताई उठली, रेनकोट तिने झटकला, आणि अवघड जाणाऱ्या हाताने त्याची घडी घालायला लागली. छोटी मदतीला उठली, तर ताईने तिचा हात बाजूला केला.

"तुझं नाव मी काढत नाही," ताई म्हणाली. "तू यायचंस. पण या खेपेला मी पुढे चालणार. तू मागे."

छोटीने मान हलवली. रडण्याचा हक्क आज आपला नाही असं तिला वाटलं. तिने खाली पडलेला कागदाचा बोळा उचलून पलंगावर ठेवला. "आणि फाट्यावर?" तिने विचारलं. "थांबशील ना?"

ताईने घडीवर तळहात फिरवून सुरकुत्या काढल्या. एकदा, दोनदा.

"ते तिथे गेल्यावर बघू," ती म्हणाली.